उजवी पाकळी

“मॅडम, ड्रोन उतरलाय,” फैजान फोनवर म्हणाला. “पण तुमच्याकडे नाही.”

मी आरोग्य केंद्राच्या मागच्या पटांगणात उभी होते. ड्रोनसाठी चुन्यानं आखलेल्या पांढऱ्या गोलात त्या वेळी एक कोंबडी निवांत फिरत होती.

“मग कुठे उतरलाय?”

“धरणावर वारा फार होता, बॅटरी संपत आली. अशा वेळी तो स्वतःच जवळची सपाट, मोकळी जागा शोधतो. कॅमेऱ्यात मोठी मोठी झाडं दिसतायत. मधे अंगण आहे. आणि एक दगड आहे, शेंदूर लावलेला.”

शेजारी उभ्या असलेल्या कांबळे सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. “देवराईत गेलं!”

“पेटी शाबूत आहे ना?” मी विचारलं.

“एकदम. अलगद उतरलाय, मॅडम. वर अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं.” आपल्या यंत्राचा अभिमान त्याला त्या परिस्थितीतही लपवता आला नाही.

निवंडी हे धरणाच्या पाण्यापलीकडचं गाव. पलीकडे जाणारा पूल त्या पावसाळ्यात खचला होता आणि तालुक्याला जायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा. म्हणूनच तर ड्रोनचा प्रयोग आमच्या वाट्याला आला होता. तालुक्याच्या दवाखान्याच्या गच्चीवरून फैजान तो उडवायचा. रस्त्यानं अर्धा दिवस लागणारं औषध आमच्याकडे चहा उकळेपर्यंत यायचं. रक्ताचे नमुने त्याच्याबरोबर परत जायचे आणि संध्याकाळी रिपोर्ट माझ्या फोनवर. सुरुवातीला पोरंसोरं, म्हातारे सगळे बघायला जमायचे. पुढे नव्याची नवलाई संपली आणि कोंबड्या तेवढ्या उरल्या.

त्या दिवशी त्या पेटीत सर्पदंशावरच्या बाटल्या होत्या. आत खाटेवर रेश्मा पडली होती. रावजी गुरवांची सून, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. सकाळी भात कापताना पेंढीखालून घोणस निघाली आणि पोटरीला चावली. आमच्या फ्रीजमध्ये होत्या तेवढ्या बाटल्या मी दिल्या होत्या, पण त्या पुरणार नव्हत्या हे देतानाच ठाऊक होतं. काचेच्या नळीत तिचं रक्त घेऊन ठेवलं होतं. ते एव्हाना गोठायला हवं होतं. नळी आडवी केली की ते पाण्यासारखं वाहत होतं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ॲम्ब्युलन्स तालुक्याहून निघाली होती, वळसा घालून ती दुपार कलल्यावर पोचणार होती. रेश्माजवळ तेवढा वेळ नव्हता.

“कोण जातंय पेटी आणायला?” मी म्हटलं.

कोणी जागचं हललं नाही. रेश्माचा नवरा दत्तू भिंतीला टेकून उभा होता.

“मॅडम,” कांबळे सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, “सोमजाईच्या रानातून काही बाहेर आणत नाहीत. काडीसुद्धा. आत पडलं ते देवीचं.”

हे मला ऐकून माहीत होतं. गावाच्या डोक्यावर ती राई होती. आसपासचे डोंगर बोडके झाले तरी तेवढा एक हिरवा ठिपका शिल्लक राहिला, तो याच नियमामुळे. लोक आत जायचे, नमस्कार करायचे आणि बाहेर पडताना तळव्याला चिकटलेलं पानसुद्धा झाडून आत टाकायचे. एरवी मी या नियमाचं कौतुकच केलं असतं.

“ती पेटी देवीची नाही, सरकारी आहे,” मी म्हटलं. “तुम्ही जाऊ नका. मी जाते. मी परगावची. पाप लागलं तर मला लागेल.”

“तसं आणल्यालं ती घेनार न्हाय,” दत्तू पहिल्यांदाच बोलला. “तिनंच सांगितलंय मला.”

मी आत गेले. रेश्मा शुद्धीवर होती. मी तिला विचारलं, तर तिनं मान हलवली. “मामंजींनी लोकांना नडून नडून त्यो नेम राखलाय, म्याडम. माझ्यासाठी मोडला तर त्यांनी गावात तोंड कसं दाखवायचं?” एवढंही तिला थांबत थांबत बोलावं लागलं. ओठाच्या कोपऱ्यातून आलेला रक्ताचा ओघळ तिनं पदरानं टिपला.

मग हिलाच वर उचलून नेलं तर? हेही माझ्या डोक्यात येऊन गेलं. पण चढ खडा होता, आणि तिला झोळीतून हिंदकळत नेणं म्हणजे हातानं तिचा जीव घेणं. शिवाय रक्त वाहणारं माणूस राईत नेत नाहीत, असं सिस्टरांनी मी विचारायच्या आतच सांगून टाकलं.

“मग करायचं काय?” माझा आवाज चढला.

“कौल लावायचा,” दत्तू म्हणाला. “आबा वरच गेल्यात.” आबा म्हणजे रावजी, त्याचे वडील.

सिस्टरांना रेश्मापाशी ठेवून मी दत्तूबरोबर वर निघाले. साप चावलेली माणसं त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिली होती, त्यामुळे ती काळजी नव्हती. वाटेत दत्तूनं मला कौलाची रीत सांगितली. देवीच्या दगडाला दोन्ही अंगांना झेंडूची एकेक पाकळी पाण्यात भिजवून चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार.

“आणि गळायला किती वेळ लागतो?”

“ते देवीच्या मनावर. कधी लगेच, कधी सांज हुती.”

मी पुढचा चढ जवळपास पळतच चढले.

चपला बाहेर काढून आम्ही आत गेलो. राईत उन्हाचे कवडसे पडले होते. सोमजाईच्या दगडापुढे शेणानं सारवलेलं अंगण होतं आणि अंगणाच्या बरोबर मधे तो ड्रोन बसला होता, चारी पंखे शांत, पोटाखाली पांढरी पेटी. देवीसमोर नवस फेडायला आल्यासारखा. माझ्यापासून वीस पावलांवर ते औषध होतं. गावातली दहा-पंधरा माणसं कडेनं उभी होती आणि त्यातल्या एकानंही त्याला हात लावला नव्हता.

रावजी गुरव दगडाजवळ बसले होते. साठीचा, ताठ कण्याचा माणूस. कौल लावायचा मान त्यांच्या घराण्याचा. सून खाली तशी पडलेली, पण त्यांनी आंघोळ करून, ओलं धोतर नेसून, रीतीनं सगळी तयारी केली होती. तांब्यात पाणी, ताटलीत झेंडू. मला त्यांचा संताप आला. तो अजूनही आठवतो.

“गुरवबाबा, लवकर करा. वेळ नाही.”

“करतो, म्याडम,” म्हणून त्यांनी पाकळी उचलली.

“थांबा.”

आवाज मागून आला होता. पन्नाशीचा एक माणूस गर्दीतून पुढे आला. हातात विळा तसाच होता, शेतातूनच आलेला दिसत होता.

“गुरवाच्या सुनंसाठी गुरवानंच कौल लावायचा?” तो म्हणाला. “मग काय, उजवाच पडंल की!”

“लहू, आज नको,” कोणीतरी म्हणालं.

“आजच. माझ्या बापाच्या वक्ताला कुनी नको म्हनलं व्हतं?”

दत्तूनं माझ्या कानाशी सगळं थोडक्यात सांगितलं. हा लहू शेलार. वीसेक वर्षांमागं त्याचा बाप ऐन झडीत वारला. गावात कोरडं लाकूड नव्हतं. राईत वादळानं एक अंजन उन्मळून पडलेला होता, गर्द झाडीखाली, आतून कोरडा. लहूनं तेवढं सरणापुरतं मागितलं. रावजींनी कौल लावला. डावा पडला. मग ओल्या लाकडावर रॉकेल ओतून ओतून बापाला जाळायला लहूला रात्र पुरली नाही. तेव्हापासून शेलारांच्या घरातून सोमजाईला नारळ नाही आणि दोन घरांत बोलणं नाही. शेतांचा बांध मात्र एकच.

“तुमचा काय संशय आहे,” मी लहूला म्हटलं, “तो नंतर बघू. खाली एक बाई मरते आहे.”

“माझा संशय काय न्हाय, म्याडम. नेम सगळ्यांना सारखा, येवढंच माझं म्हननं हाय. ह्येच त्यांनी मला सांगितलं व्हतं.”

गर्दीतून कोणी त्याला खोडून काढलं नाही. दोन-चार जणांनी तर माना हलवल्या. रावजींच्या हातातली पाकळी तशीच राहिली होती. त्यांनी ती ताटलीत परत ठेवली आणि उठून बाजूला झाले.

“मग तू लाव,” ते म्हणाले.

“आबा!” दत्तू ओरडला.

“लावू दे. त्याचा हात, देवीची मर्जी. मला बोल नगं.”

मला वाटलं, संपलं. मी पेटीकडे पाहिलं आणि मनात अंतर मोजलं. मी धावले असते तर मला कुणी अडवलं नसतं. पण खाली जाऊन ती बाटली मी कुणाच्या शिरेत सोडणार होते? फोन वाजला. कांबळे सिस्टर.

“मॅडम, लघवीतून रक्त यायला लागलंय.”

मी “येते” एवढंच म्हटलं.

लहूनं विळा खाली ठेवला. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. ताटलीतला झेंडू उचलून दोन पाकळ्या तोडल्या, दोन्ही तांब्यात बुडवल्या. मी त्याच्या अगदी शेजारी होते. बाकीचे मागं आणि पाठमोरा लहू त्यांच्यापुढे. रावजी दुसऱ्या बाजूला हात जोडून, डोळे मिटून उभे होते.

लहूनं एक पाकळी डावीकडे लावली आणि अंगठ्यानं दाबली. चांगली दाबली. मग दुसरी घेतली, आणि ती दगडाकडे नेता नेता आपल्या सदऱ्याच्या बाहीवर अशी पुसली, की बघणाऱ्याला वाटावं कपाळाचा घाम पुसतोय. ती कोरडी पाकळी त्यानं उजवीकडे नुसती टेकवली.

“आई सोमजाई,” तो मोठ्यानं म्हणाला, “लेकराचं औषध तुज्या अंगनात पडलंय. न्यायाचं का ऱ्हावं द्यायाचं, सांग.”

त्यानं हात मागं घेतला न घेतला तोच उजवी पाकळी घरंगळली.

गर्दीतून एकदम “आई सोमजाई!” असा गजर झाला. मी पेटीला झडप घातली. खटका काढायला फैजाननं मला शिकवलं होतं, पण बोटांना घाम आला होता. दुसऱ्या खेपेला निघाला. पेटी छातीशी धरून मी राईच्या तोंडाशी आले, तर मागून रावजींची हाक आली.

“म्याडम, पाय.”

माझ्या तळव्याला अंजनाचं एक पान चिकटलं होतं. मी एका पायावर उभी राहून ते झाडलं आणि मग धावत सुटले.

रेश्मा वाचली. लगेच नाही. दुपारी ॲम्ब्युलन्स आली तेव्हा नळीतलं रक्त गोठायला लागलं होतं आणि पुढचे काही दिवस तालुक्याला काढून ती आपल्या पायांनी घरी आली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला फोन करून सांगितलं, की बाटल्या आणखी थोड्या उशिरा मिळाल्या असत्या तर मूत्रपिंडं गेली असती. ड्रोनच्या कंपनीनं त्या घटनेवर एक छोटा व्हिडिओ केला. त्यात धरण होतं, डोंगर होते, मी होते. पाकळी नव्हती.

कंपनीचे साहेब ड्रोन परत न्यायला स्वतः आले होते. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की देवीला औषधाचं विचारलं होतं, यंत्राचं विचारलंच नव्हतं. पुन्हा कौल लागला. तोही लहूनंच लावला. गुरवांचा हात हल्ली थरथरतो म्हणून, असं मला सांगण्यात आलं. या खेपेला लहूनं दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या, सारख्या दाबल्या. साहेब बूट काढून ताटकळत उभे. बऱ्याच वेळानं डावी पडली. साहेबांनी मान्य करावं म्हणून मीच त्यांना दोन शब्द सांगितले. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि नवीन ड्रोन पाठवला. जुना तिथंच राहिला. जत्रेत त्यालाही हळदकुंकू वाहतात म्हणे.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली झाली. मधे बरीच वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या कामानं पुन्हा निवंडीला जाण्याचा योग आला. पूल नवा झाला होता. तरी ड्रोन बंद झाला नव्हता, उलट आसपासच्या सगळ्या वाड्यांना आता त्याच्या रोज ठरलेल्या खेपा होत्या. मी पोचले तेव्हा एक उतरत होता. रांगेतल्या एकाही माणसानं वर पाहिलं नाही. मला ते बरं वाटलं.

रांगेत रावजी गुरव होते. थकले होते, पण कणा तसाच. साखरेच्या तपासणीसाठी रक्त द्यायला आले होते. मला ओळखून बाकावर बाजूला सरकले.

“रेश्मा कशी आहे?”

“झ्याक. पोरगी हाय आता तिला, शाळंत जाती. तिच्या मागं पळता पळता माझा जीव जातो.” ते हसले. मग म्हणाले, “म्याडम, येक इचारू? त्या दिशी तुमी लहूच्या अगदी बाजूला व्हता.”

“होते.”

“त्यानं पाकळी पुसली. बघितली तुमी?”

इतकी वर्षं मी ही गोष्ट कुणाजवळ बोलले नव्हते. “तुमचे तर डोळे मिटलेले होते.”

“मिटलं व्हतं, पर येवढं न्हाय.” त्यांनी समोरच्या भिंतीकडे नजर वळवली. “पाकळी पुसली की गळती, हे मला ठावं नव्हतं असं समजू नगा. बारका असल्यापास्नं लावतोय मी. आमच्या बानं पुसल्याली मी बघितली हाय, कुनाच्या बाळंतिनीसाठी.”

“मग लहूच्या वडिलांच्या वेळी?”

“त्या वक्ताला मी दोनी पाकळ्या वल्याच लावल्या. म्हनलं, आपुन कशाला मधी पडा, देवीचं देवी बघंल. डावी पडली. अंजन तर पडल्यालाच व्हता. पुढं वाळवी लागून माती झाली त्याची.”

आत ड्रोनची घंटी वाजली, परतीचे नमुने द्या म्हणून. सिस्टर लगबगीनं बाहेर आली. नवीन मुलगी होती, कांबळे सिस्टर निवृत्त झाल्या होत्या.

“लहूशी बोललात का कधी यावर?”

“काय बोलू? त्यानं माझं लेकरू वाचवलं आन मला बोल बी लागू दिला न्हाय.” त्यांनी सदऱ्याची बाही वर सरकवली. “त्या दिसापास्नं कौल त्योच लावतो. गावाला सांगितलंय, माझा हात थरथरतो.”

सिस्टरनं त्यांचा हात पुढे ओढून दंडाला पट्टा बांधला आणि सुई टोचली. सुई निघेपर्यंत मी त्या हाताकडेच बघत होते. तो जराही हलला नाही.